योग्यकर्ता ते बाली, पाठीवर पिशवी: भीती कशाची बाळगायची, ज्वालामुखीची की रस्त्याची?

पाठपिशवी
नमस्कार मंडळी. मी (५१) आणि नवरा (५४) जूनमध्ये इंडोनेशियाला निघालोय. टूर कंपनी नाही, मॅनेजर नाही, सकाळी उपमा मिळेल याची शाश्वती नाही. योग्यकर्त्याला उतरायचं, तिथून पूर्वेकडे सरकत सरकत जावा बेट संपवायचं आणि शेवटी बोटीने बाली. वाटेत दोन ज्वालामुखी: ब्रोमो आणि इजेन. लेक म्हणते, "तुम्ही दोघं मुळशीला जाताना गाडीत भांडता, जावात काय कराल?" मुद्दा बिनतोड आहे, पण तिकिटं काढून झाली.

अडलंय ते असं. नवरा म्हणतो स्कूटर भाड्याने घेऊ, आपण पुण्यात चालवतो म्हणजे कुठेही चालवू शकतो. मला ते पटत नाही. दुसरं, त्याला थोडा दम्याचा त्रास आहे, पंप जवळ असतो. इजेनला गंधकाचा धूर असतो म्हणतात. चालेल का? आणि तिसरं, जिवंत ज्वालामुखीच्या काठावर उभं राहणं हे शहाण्या माणसाचं काम आहे का?

तिरकस
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पण शहाणी माणसं धागे काढत नाहीत, तेव्हा जाऊन या.

एसटीप्रेमी
ताई, बस सोडा, रेल्वे धरा. योग्यकर्त्याला दोन मोठी स्टेशनं आहेत. त्यातल्या लेंपुयांगनहून 'श्री तंजुंग' नावाची गाडी सकाळी सुटते आणि सुराबाया, प्रोबोलिंगो करत थेट जावाच्या पूर्व टोकाला केतापांगपर्यंत जाते. ब्रोमोला प्रोबोलिंगोला उतरायचं, दुपार कलते तोवर पोचता. बाकं सरळ पाठीची, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. एसी असतो, स्वच्छता आपल्याला लाजवेल अशी. समोरच्या आजींनी मला उकडलेले शेंगदाणे दिले, मी त्यांना चिवडा दिला. पुढचे सहा तास भाषेवाचून काही अडलं नाही.

बसचाही अनुभव घेतलाय, सुराबाया ते प्रोबोलिंगो. उत्तर किनाऱ्याचा रस्ता, ट्रकच ट्रक. आमचा ड्रायव्हर एका हाताने हॉर्न आणि एका हाताने सिगारेट सांभाळत होता, स्टिअरिंग बहुधा मांड्यांनी. समोरून ट्रक येताना दिसला की त्याला ओव्हरटेकची सुरसुरी यायची. लाल परीचे आमचे जुने ड्रायव्हर त्याच्यापुढे भजनी मंडळातले वाटले असते.

अवांतर: तिथल्या बसच्या संगीत हॉर्नला 'तेलोलेत' म्हणतात. पोरं रस्त्याकडेला उभी राहून "ओम तेलोलेत ओम" असं ओरडतात, म्हणजे "काका, हॉर्न वाजवा ना". २०१६ च्या डिसेंबरात हे जगभर गाजलं होतं.

तिरकस
मंत्र वाटला मला. प्रवास सुरू करताना म्हणायला बरा आहे.

मोहरी
प्रोबोलिंगोला जपून. स्टेशनवरून आम्ही छोट्या गाडीत बसलो, "बस स्टँड" म्हणालो, त्याने मान डोलावली आणि एका एजंटच्या दुकानासमोर नेऊन उतरवलं. दुकानदार अत्यंत प्रेमळ. म्हणाला, आज वर जाणारी सार्वजनिक गाडी बंद आहे, माझीच जीप आहे. बंद वगैरे काही नव्हती. हजार पावलं पुढे हिरवी मिनीबस उभी होती. ती भरली की सुटते, म्हणजे पंधराएक माणसं जमेपर्यंत. आम्ही अडीच तास बसलो. तेवढ्यात दोन कोबी, एक गॅस सिलिंडर आणि नवरानवरीचा फोटो फ्रेमसकट टपावर चढला.

सह्यवारा
स्कूटरबद्दल माझं ऐका, कारण मी ती चूक केलीय.

पुण्यात चालवणं आणि डोंगर उतरणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. भाड्याने मिळतात त्या बहुतेक बिनगिअरच्या. चढताना काही वाटत नाही. ब्रोमोहून उतरताना उतार संपतच नाही, गिअर टाकून वेग रोखायची सोय नाही, म्हणजे सगळा भार ब्रेकवर. वीस मिनिटांनी जळका वास आला. मग पुढचा लिव्हर दाबला तर थेट मुठीला टेकला. ब्रेकचं तेल उकळलं की असं होतं. डावीकडे कोबीचं शेत होतं म्हणून आज हे टंकतोय. शेतमालक धावत आला, माझ्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "रेम ब्लोंग." ब्रेक फेल. तिथे हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो, यावरून काय ते समजा. त्याने चाकावर पाणी ओतू दिलं नाही, अर्धा तास थांबवलं, कॉफी पाजली. इजेनहून बन्युवांगीकडे उतरणारा रस्ताही तसलाच, काही ठिकाणी जास्तच तीव्र.

तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपल्याला उगीच फाजील आत्मविश्वास येतो. आणि आंतरराष्ट्रीय परवान्यात दुचाकीचा शिक्का नसेल तर प्रवास विमा एक दमडी देत नाही. हे मी घरी आल्यावर वाचलं.

पाठपिशवी
@सह्यवारा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, "त्याला चालवता येत नसेल." असो.

एसटीप्रेमी
+१ सह्यवारा. बिनगिअरची गाडी घाटात नकोच. जाता जाता, पेट्रोल रस्त्याकडेला काचेच्या बाटल्यांत मांडलेलं असतं. मला पहिल्यांदा ते सरबत वाटलं होतं.

निवृत्त_नंदू
ज्वालामुखी बघायला एवढं लांब कशाला? आपलं लोणार आहे की.

खडकवेडा
नंदूकाका, लोणार ज्वालामुखी नाही. ते उल्कापाताचं विवर आहे. खडक ज्वालामुखीचा आणि खड्डा आकाशातून पडलेल्या दगडाचा.

पण तुमचं अगदीच चुकलं नाही, कारण आपण सगळे लाव्ह्यावरच राहतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून बेसॉल्टचे थरावर थर वाहिले. सह्याद्रीच्या कड्यांत ज्या पायऱ्या दिसतात ते हेच थर. तो लाव्हा पातळ होता, पसरत गेला. जावाची गोष्ट उलटी. तिथे समुद्राचा तळ दक्षिणेकडून बेटाखाली घुसतोय. त्यासोबत पाणी खाली जातं, त्यामुळे वरचा खडक वितळतो. हा रस घट्ट आणि वायूने भरलेला. सोड्याची बाटली हलवून उघडली की काय होतं? तेच. म्हणून आपले डोंगर पसरट आणि जावाचे टोकदार, बेभरवशाचे.

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. लाव्ह्याची भीती बाळगू नका, तो बहुतेक वेळा माणसापेक्षा हळू चालतो. मारतो तो तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट, उतारावरून गाडीच्या वेगाने येणारा. योग्यकर्त्याच्या डोक्यावरचा मेरापी त्यासाठीच कुप्रसिद्ध. गावकरी त्या लोटाला 'वेधुस गेंबेल' म्हणतात, कुरळ्या लोकरीची मेंढी. लांबून तसंच दिसतं. २६ ऑक्टोबर २०१० ला तो लोट किनारेजो गावात शिरला. योग्यकर्त्याच्या सुलतानाने नेमलेले मेरापीचे राखणदार, म्बाह मारिजान, घर सोडायला तयार झाले नव्हते. त्यात ते गेले. त्या उद्रेकात साडेतीनशेच्या आसपास माणसं दगावली.

आता व्यवहाराचं. सरकार प्रत्येक ज्वालामुखीला धोक्याच्या चार पातळ्यांपैकी एक देतं, चढत्या क्रमाने: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. 'मॅग्मा इंडोनेशिया' या सरकारी संकेतस्थळावर रोज दिसते. निघायच्या आदल्या दिवशी बघा, आणि खालची पातळी असली तरी स्थानिकांनी "आज नको" म्हटलं की नको. सुमात्रातल्या मारापीवर (मेरापी नव्हे) ३ डिसेंबर २०२३ ला वीसहून अधिक गिर्यारोहक गेले. तेव्हा तो पातळी दोनवर होता.

तिरकस
आपल्याकडे आवास योजनेत घर मिळतं. तिकडे आवास म्हटलं की घर सोडून पळायचं.

मोहरी
@तिरकस, चहा सांडला की हो.

पायपीट
इजेन आणि दमा यावर कुणी नीट बोललेलं नाही, म्हणून लिहिते. मी स्वतः नर्स आहे.

विवराच्या तळाशी सल्फर डायऑक्साइडचे लोट निघत असतात. वारा फिरला की दहा सेकंदांत तुम्ही त्यात. धडधाकट माणसाला खोकल्याची ढास लागते, डोळे चुरचुरतात, घसा सोलून निघतो. दमेकऱ्याची श्वासनळी तिथल्या तिथे आवळते. पंप आहे ना, असं म्हणू नका. रात्रीचे तीन, खाली दगडांची घसरण, वर यायला पाऊण तास, आणि मागेपुढे शंभर माणसांची रांग. पंप संपला तर?

आणि कोरोनातले उरलेले एन-९५ घेऊन जाल तर उपयोग शून्य. ते धूळ अडवतात, वायू नाही. वायूसाठी डबीवाला मुखवटा लागतो, पायथ्याला पाल्तुडिंगला भाड्याने मिळतो. डबी किती जुनी ते देव जाणे. मार्च २०१८ मध्ये तर वायू एवढा बाहेर पडला की खालच्या गावांतल्या लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

तुमच्या ह्यांनी जाऊ नये. काठापर्यंतही नाही, विवरात तर नाहीच. कडू वाटलं तर हलके घेऊ नका, जड घ्या.

गुऱ्हाळ
पायपीट यांच्याशी सहमत. दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. इजेनच्या विवरात रात्री दिसणारी निळी ज्योत म्हणजे निळा लाव्हा, असं आमच्या ग्रुपवर कुणीतरी फिरवलं होतं. लाव्हा-बिव्हा काही नाही. फटीतून प्रचंड तापलेला गंधकवायू बाहेर येतो, हवा लागली की पेट घेतो आणि निळा जळतो. फोटोत दिसते तेवढी भव्य नसते, तिथे सगळा खेळ कॅमेऱ्याचं झाकण किती वेळ उघडं ठेवलं याचा आहे. उजाडल्यावर दिसणारं तळं मात्र खरंच थक्क करतं. जवळजवळ किलोमीटरभर रुंद, दुधाळ हिरवं, आणि पाणी म्हणजे निव्वळ ॲसिड.

पण माझ्या डोक्यात राहिले ते गंधक काढणारे. वायू नळांतून खाली आणतात, थंड होताना तो लालभडक थेंबांत उतरतो आणि गोठला की पिवळा. पहारीने फोडायचा, बांबूच्या कावडीला दोन टोपल्या, आणि सत्तर ते नव्वद किलो खांद्यावर. आधी विवर चढायचं, मग तीन किलोमीटर डोंगर उतरायचा. पैसे वजनावर. एकाने मला खांदा दाखवला, कावडीच्या जागी मांसाचा गोळा आला होता. हा गंधक साखर पांढरी करायलाही जातो. मी कोल्हापूरकडचा, आमच्या कारखान्यातही रस स्वच्छ करायला गंधक जाळतात, लहानपणापासून तो वास ओळखीचा. तिथे विवराच्या काठावर उभा राहून मला कारखान्याचा गळीत हंगाम आठवत होता.

सह्यवारा
आता त्यातले बरेच जण हातगाडीवर पर्यटक ओढतात. बसलेल्या माणसाला तिघं मिळून वर नेतात, एक ओढतो, दोघे ढकलतात. मला ते बघवलं नाही. धडधाकट पोरं गाडीत बसून सेल्फी घेत होती.

गुऱ्हाळ
न बघवणं समजू शकतो. पण मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं होतं. म्हणाला, गंधक धूर सोडतो, पर्यटक फक्त तक्रारी सोडतो. एका फेरीत कावडीपेक्षा कितीतरी जास्त मिळतात त्याला.

पायपीट
आपल्याकडे वैष्णोदेवीला, केदारनाथला पालखीत बसून जाणाऱ्यांना आपण भाविक म्हणतो. इथे लगेच शोषण?

सह्यवारा
मी तिथेही बसत नाही. आणि शोषण म्हणालो नाही, बघवलं नाही म्हणालो. फरक आहे.

निवृत्त_नंदू
माझे गुडघे गेलेत. मी बसेन आणि भरपूर पैसे देईन. ज्याला बघवत नाही त्याने तळ्याकडे बघावं.

सिंगापूरकर_काकू
भांडण पुरे, ब्रोमोकडे चला. ब्रोमो म्हणजे ब्रह्मा हे कुणी सांगितलंच नाही! आसपासचे तेंगेर लोक हिंदू आहेत. विवराच्या पायथ्याशी, राखेच्या मैदानात त्यांचं देऊळ आहे. रोरो आंतेंग आणि जोको सेगेर या जोडप्याला मूल नव्हतं, देवाने पंचवीस दिली, अट एकच, धाकटं परत द्यायचं. त्याची आठवण म्हणून 'यज्ञ कसादा'च्या रात्री लोक विवरात भाज्या, कोंबड्या, पैसे टाकतात. आणि आतल्या उतारावर दुसरे लोक जाळी घेऊन ते झेलायला उभे! देवाचं देवाला, माणसाचं माणसाला.

फोटोत पुढे दिसणारा वळ्यावळ्यांचा देखणा सुळका ब्रोमो नव्हेच, तो बातोक. बातोक म्हणजे करवंटी. एका राक्षसाने रोरो आंतेंगशी लग्न करायला करवंटीने एका रात्रीत समुद्र खणायला घेतला, तिने आधीच कोंबडे आरवायला लावले, त्याने चिडून करवंटी भिरकावली. तो हा डोंगर. ब्रोमो त्याच्या शेजारचा बुटका, तोंड उघडून धूर सोडत बसलेला. मागे सर्वांत उंच सेमेरू, ३,६७६ मीटर, जावातलं सर्वोच्च शिखर.

आणि एक सूचना, बालीच्या बोटीबद्दल. २०२३ ला आम्ही केतापांगला पोचलो तर बंदर बंद. न्येपी होता, म्हणजे बालीचं नववर्ष. त्या दिवशी बाली चोवीस तास गप्प. विमान नाही, बोट नाही, दिवा नाही, घराबाहेर पाऊल नाही. तारीख २२ मार्च. आणि आईचा फोन, "गुढी उभारलीस का गं?" त्यांचंही शक वर्ष १९४५ लागलं होतं, आपलंही! दर वर्षी दोन्ही दिवस जुळतात असं नाही, त्या वर्षी जुळले. आपला पाडवा श्रीखंडाचा, त्यांचा मौनाचा. आम्ही धक्क्यासमोरच्या खोलीत मॅगी खाऊन साजरा केला.

मोहरी
ब्रोमोच्या काठावर गणपती आहे ना, ७०० वर्षांपूर्वीचा? व्हॉट्सॲपवर आला होता.

खडकवेडा
मूर्ती आहे, लोक फुलं वाहतात. ७०० वर्षांच्या गोष्टीला मी पुरावा पाहिलेला नाही. एवढ्या वेळा राख ओकणाऱ्या काठावर एखादी मूर्ती सातशे वर्षं जागची न हलता बसली असेल तर ती बुद्धिदात्यापेक्षा विघ्नहर्ता म्हणून जास्त कामाची.

तिरकस
आणि प्रीवेडिंगवाल्यांपासूनही वाचली. सप्टेंबर २०२३ ला तिथल्या फोटोसाठी पेटवलेल्या फटाक्याने शेकडो हेक्टर गवत जळालं होतं. ज्वालामुखी शांत आणि नवरदेव पेटलेला.

एसटीप्रेमी
धाग्याचं काश्मीर होण्याआधी ताईंच्या प्रश्नाकडे. पैशांचा हिशोब असा: शेवटची तीन शून्यं काढा, पाचाने गुणा, साधारण रुपये येतात. विमानतळावरचा व्हिसा पाच लाख. ऐकून घाबरू नका, अडीच हजारांच्या थोडा वर. आणि मोठ्या रस्त्यावर वळायचं असेल तर शिट्टी वाजवणारा, सरकारी नसलेला एक माणूस गाड्या थांबवतो. त्याला 'पाक ओगाह' म्हणतात. ड्रायव्हर खिडकीतून त्याच्या हातात नोट सरकवतो. व्यवस्था म्हणा, वसुली म्हणा, पण वाहतूक हलते.

मोहरी
शाकाहारी असाल तर तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू भरपूर. पण चटणीत बहुधा कोळंबीची पेस्ट असते, 'तरासी' विचारून घ्या. मी चार दिवस आनंदाने खाल्ली, पाचव्या दिवशी कळलं.

पाठपिशवी
सर्वांचे खूप आभार, वाचनखूण साठवलीय. निघतोय.

पाठपिशवी
आलो परत! सगळ्यांनी एवढं लिहिलं, म्हणून वृत्तांत द्यायलाच हवा.

रेल्वेने गेलो. प्रोबोलिंगोला तोच प्रेमळ एजंट, किंवा त्याचा भाऊ. "गाडी बंद." मी म्हटलं, "कोबी कुठे आहे?" त्याला कळलं नाही, पण मला धीर आला. हिरवी मिनीबस दीड तासात भरली.

ब्रोमोजवळच्या चेमोरो लावांग गावात एवढी थंडी असेल असं वाटलं नव्हतं. दोघांनी सगळे कपडे एकदम घातले. जीप केली नाही. पहाटे गावातूनच वरच्या टेकाडावर चढलो आणि उजाडल्यावर राखेचं मैदान चालत ओलांडलं. तासभर लागला. पायाखाली काळी वाळू, चहूबाजूंनी कडे, घोडेवाले सारखे मागे. मग अडीचशेच्या आसपास पायऱ्या. वर गेल्यावर आधी आवाज येतो. मला कुणी सांगितलं नव्हतं की आवाज येतो. खालून कुणीतरी मोठा स्टो पेटवल्यासारखा, न थांबणारा. कठडा काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी फक्त त्याचे खांब. गणपतीला हात जोडले आणि नवऱ्याचा शर्ट घट्ट धरून उभी राहिले.

इजेन. तिथे डॉक्टरी तपासणीचा कागद मागतात. फॉर्मवर नवऱ्याने स्वतःच दमा लिहिला आणि विषय संपला. पायपीटताई, तुमचा प्रतिसाद त्याने गुपचूप दोनदा वाचला होता, हे मला तिथे कळलं. मी एकटी गेले, वाटाड्या घेऊन. काठापर्यंतच, विवरात उतरले नाही. निळी ज्योत वरून दिसली, गॅसच्या शेगडीएवढी. तेवढ्यात वारा फिरला, आणि मुखवटा असूनही घशात काड्यापेटी ओढल्यासारखं झालं. पाच मिनिटं काहीच दिसेना. वाटाड्या शांतपणे माझा दंड धरून "हाती-हाती" म्हणत राहिला. म्हणजे जपून.

उतरताना गुडघा बोलायला लागला. हातगाडीवाल्याने विचारलं. मी नाही म्हटलं. वीस पावलांवर हो म्हटलं. सह्यवारा, सॉरी. नंदूकाका, जागा राखून ठेवते. तिघं नव्हते, उताराला एकच माणूस लागतो, तो पाठीने गाडी अडवत चालतो. माझ्याच वयाचा असावा. मी सगळी वाट तळ्याकडे नाही, त्याच्या मानेकडे बघत होते. खाली नवरा चहाच्या टपरीवर चार कामगारांत बसून कॅरम खेळत होता आणि हरत होता.

आता रस्ता. इजेनहून उतरताना जीपमध्ये होतो. वळणावर चार स्कूटर कडेला उभ्या, एकीच्या चाकातून धूर, शेजारी हेल्मेट काढून बसलेला गोरा मुलगा. आमचा ड्रायव्हर न थांबता म्हणाला, "रेम ब्लोंग." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्या सह्यवाराला कळव."

कळवलं.

सह्यवारा
पोचलं. त्यांना नमस्कार सांगा. हातगाडीबद्दल सॉरी कशाला, गुडघा तुमचा आहे.

पायपीट
वाचून खूप बरं वाटलं. पंप वापरावा लागला का मधे?

पाठपिशवी
एकदाच. बोटीवर, ड्रायव्हरच्या सिगारेटमुळे.

निवृत्त_नंदू
सुंदर वृत्तांत. आता फ्लोरेस बेटावरच्या केलिमुतूबद्दल कुणी सांगा. तीन तळी, तिन्ही वेगळ्या रंगांची आणि रंग बदलणारी. गुडघ्याला झेपेल का?

तिरकस
काका, नवीन धागा काढा. आणि लोणारचा उल्लेख टाळा.